सोसायटीच्या सभेत वाद मुद्द्यावर कसा ठेवायचा: नव्या सभासदांसाठी मार्गदर्शक

नवीन घर घेतलं, शेअर सर्टिफिकेट हातात आलं आणि आता पहिल्यांदाच वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस दारात येऊन पडली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावी लागते. म्हणून बहुतेक सोसायट्यांच्या सभा ऑगस्ट-सप्टेंबरात, गणपतीच्या आगेमागे, एखाद्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून भरतात. हिशेब, गळती, पार्किंग, लिफ्ट, भाडेकरू, पुनर्विकास असे विषय असतात. सगळे पैशाचे आणि रोजच्या जगण्याचे. त्यामुळे आवाज चढतो, आणि चढला की बोलणं विषयावरून माणसावर जायला एक वाक्य पुरतं.

मी काही वर्षं आमच्या सोसायटीची सचिव होते. सभेचं इतिवृत्त मीच लिहायचे. ते लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची: अर्धा-अर्धा तास तावातावाने चाललेल्या भांडणातून कागदावर उतरवण्याजोगी एक ओळही निघत नाही. कोण कोणाला काय म्हणालं हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण गच्ची गळते ती गळतेच. ज्याचा अपमान झाला त्याला त्रास होतोच. पण त्याच्याबरोबर ज्या प्रश्नासाठी पन्नास माणसं रविवार मोडून खाली आली तो प्रश्नही मरतो, आणि याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून पुढे जे सांगितलं आहे ते शिष्टाचारासाठी नाही. तुमचं काम व्हावं म्हणून सांगते आहे.

उदाहरणादाखल बहुतेक ठिकाणी एकच विषय घेते: गच्चीचं वॉटरप्रूफिंग. जवळपास प्रत्येक जुन्या इमारतीत तो कधी ना कधी येतोच.

जाण्याआधी जवळ काय असावं

- सभेची नोटीस आणि विषयपत्रिका. आदर्श उपविधींनुसार (उपविधी म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नियम; आदर्श उपविधी हा त्यांचा सरकारी नमुना) वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी मिळायला हवी, म्हणजे तयारीला वेळ असतो.
- मागच्या सभेचं इतिवृत्त.
- ताळेबंद, जमाखर्च आणि लेखापरीक्षण अहवाल.
- तुमच्या संस्थेच्या उपविधींची प्रत. नसेल तर कार्यालयातून मागून घ्या. सभासदाला ही कागदपत्रं पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क आहे.
- ज्या कामावर बोलायचं आहे त्याची कोटेशनं, पत्रव्यवहार, फोटो.
- एक वही आणि पेन. मोबाइलवर टिपणं काढत बसलात तर तुमचं लक्ष नाही असं समोरच्याला वाटतं, आणि नेमका त्यावरूनच शेरा येतो.

कागद हातात असला की माणसावर घसरायची गरजच कमी होते. ज्यांच्याकडे आकडा नसतो त्यांना स्वभाव, हेतू आणि जुनी भांडणं यांवर बोलावं लागतं.

पायरी १: सभेला जाण्याआधी तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा

वहीच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. "गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च दुरुस्ती निधीतून करायचा की सगळ्यांकडून वेगळी वर्गणी काढायची?" किंवा "तीनपैकी कोणतं कोटेशन घ्यायचं आणि का?" वाक्य असं हवं की त्याला उत्तर देता येईल आणि त्या उत्तरावर ठराव मांडता येईल.

"कमिटी काही करत नाही" हे वाक्य या कसोटीला उतरत नाही. त्याला उत्तर एकच, "करतो की!" आणि मग दोन्ही बाजूंना माणसांबद्दल बोलण्याशिवाय काही उरत नाही. बरेचसे वैयक्तिक हल्ले अशा मोघम प्रश्नांतूनच जन्मतात. विचारणाऱ्याच्या मनात तसं नसतं, पण ऐकणाऱ्याला ते स्वतःच्या चारित्र्यावर घेतल्यासारखं वाटतं. त्यातून कमिटीतली माणसं बिनपगारी, नोकरी सांभाळून काम करत असतात. त्यांना ते अधिकच लागतं.

सभा कितीही भरकटली तरी हे पान तुमच्यासमोर असेल. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच पानावर उभ्या आहेत.

पायरी २: हल्ला ओळखायला शिका

उघड शिवी ओळखायला कोणाची मदत लागत नाही. "अक्कल आहे का तुम्हाला?" हे ऐकून सगळी सभा चपापते, कोणीतरी मध्ये पडतं, विषय पुन्हा रुळावर येतो. जास्त नुकसान करणारे प्रकार सभ्य भाषेत येतात आणि बऱ्याचदा हसत हसत येतात. माझ्या कानावर सर्वांत जास्त पडलेले सांगते.

*हेतूवर बोट ठेवणं.* "यात तुमचा किती टक्का?" "तुम्ही वरच्या मजल्यावर राहता म्हणून तुम्हाला गच्चीचा एवढा पुळका." दुसरं वाक्य नीट पाहा. बोलणारा वरच्या मजल्यावर राहतो हे खरंच आहे. पण त्यामुळे गच्ची गळत नाही असं होत नाही, आणि खर्च कोणी करायचा हेही ठरत नाही. ते उपविधींत लिहिलेलं आहे: गच्चीची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेच्या खर्चाने, आणि एका घराच्या बाथरूममधून खालच्या घरात होणारी गळती संबंधित सभासदाच्या खर्चाने. बोलणाऱ्याचा मजला कोणता, याने त्यात काडीचाही फरक पडत नाही.

*"आधी स्वतःचं बघा."* "हिशेब विचारताय, आधी तुमची थकबाकी भरा." थकबाकी हा गंभीर विषय आहे आणि तिच्या वसुलीचा वेगळा मार्ग कायद्यात आहे. पण थकबाकीदाराने विचारलेला हिशेबाचा प्रश्न हिशेबाचाच राहतो. बिलात आणि नोंदीत फरक असेल तर तो विचारणाऱ्याच्या थकबाकीने भरून निघत नाही. हा डाव फार चालतो, कारण ऐकणाऱ्यांना त्यात न्याय झाल्यासारखं वाटतं.

*ओळखीवरून कमी लेखणं.* "ताई, तुमच्या मिस्टरांना पाठवा, त्यांना सांगतो." "तुम्ही कालच राहायला आलात, तुम्हाला इथलं काय माहीत?" "भाड्याने घर देऊन बाहेर राहणाऱ्यांनी बोलू नये." "आमच्याकडे असं चालत नाही." यातल्या 'आमच्याकडे' या शब्दामागे कधी जात असते, कधी भाषा, कधी कोणाच्या स्वयंपाकघरात काय शिजतं ते. नव्या सभासदांना, एकट्या राहणाऱ्या बायकांना आणि तरुण जोडप्यांना हा प्रकार सर्वांत जास्त सोसावा लागतो, आणि त्यांतले बरेच जण दुसऱ्या वर्षी सभेला येणंच सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं. घराच्या कागदावर नाव असलेली बाई सभेत गप्प बसते, तेव्हा सोसायटीने एक सभासद गमावलेला असतो.

*बोलण्याआधीच नाव खराब करणं.* "आता ह्यांचं नेहमीचं रडगाणं ऐका." माणूस उभाही राहिलेला नसतो, आणि सभेने कान मिटलेले असतात. तो पुढे कितीही मुद्देसूद बोलला तरी लोक रडगाणंच ऐकतात.

*गोटात ढकलणं.* "तुम्ही काय, बी विंगवाले." "तुम्ही जुन्या कमिटीची माणसं." मुद्दा तुमचा असला तरी हिशेब दुसऱ्याच कोणाचा चुकता केला जातो.

*काळजीच्या सुरात बाजूला करणं.* "काका, तुमची तब्येत बरी नसते, तुम्ही कशाला त्रास करून घेता?" हे ऐकायला गोड वाटतं आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड जातं. सत्तर वर्षांच्या माणसाने विचारलेला लिफ्टच्या देखभालीचा प्रश्न त्याच्या रक्तदाबाच्या चर्चेत विरघळून जातो. आणि लिफ्टची गरज सर्वांत जास्त त्यालाच असते.

या सगळ्यांना लावायची कसोटी एकच आहे. वाक्यातून माणूस काढून टाका आणि पाहा, विषयाबद्दल काही उरतं का. "जोशी काकांना आकडेमोड जमत नाही" यातून काका काढले की काहीच उरत नाही. "जोशी काकांनी मांडलेल्या हिशेबात जीएसटी धरलेला नाही" यातून काका काढले तरी जीएसटी उरतो. पहिलं वाक्य हल्ला आहे. दुसरं टीका आहे, आणि ती काकांना कितीही झोंबली तरी सभेत व्हायलाच हवी.

पायरी ३: प्रत्येक वैयक्तिक प्रश्न हल्ला नसतो, हे लक्षात ठेवा

इथे नवीन माणसाची सर्वांत मोठी फसगत होते, म्हणून जरा थांबते.

ज्या कंत्राटदाराला काम द्यायचं आहे तो कमिटीतल्या एखाद्या सदस्याचा मेहुणा असेल, तर "हे तुमचे नातेवाईक आहेत का?" हा प्रश्न माणसाबद्दल असूनही पूर्णपणे रास्त आहे. कमिटी सदस्याने संस्थेच्या कंत्राटात हितसंबंध ठेवू नये, हा नियमच आहे. तसंच, "मी इंजिनीअर आहे, माझ्यावर विश्वास ठेवा" असं कोणी म्हणालं, तर "आपण स्थापत्यातले की संगणकातले?" हे विचारणं योग्य ठरतं, कारण त्यांनी स्वतःच आपली ओळख पुरावा म्हणून पुढे केली आहे. "मी स्वतः गच्चीवर जाऊन पाहिलं" असं म्हणणाऱ्याला कधी पाहिलं, सोबत कोण होतं, हेही विचारता येतं. पदाधिकाऱ्याने पदावर राहून केलेलं काम तर चर्चेचाच विषय आहे: कोटेशनं का मागवली नाहीत, पत्राला उत्तर का दिलं नाही, रजिस्टर अपुरं का आहे.

मग फरक कुठे करायचा? दोन गोष्टी पाहा. त्या माणसाबद्दलची ती माहिती आज समोर असलेल्या निर्णयावर परिणाम करते का? आणि ती प्रश्न म्हणून विचारली आहे की निकाल म्हणून जाहीर केली आहे? "हे आपले नातेवाईक आहेत का?" हा प्रश्न. "सगळे खातात, हेही खातात" हा निकाल, आणि तोही पुराव्याशिवाय.

याची उलटी बाजूही तेवढीच महत्त्वाची. कोणताही अवघड प्रश्न आला की "माझ्यावर वैयक्तिक टीका होते आहे, मी राजीनामा देतो" म्हणणारे पदाधिकारी भेटतील. लोक हळहळतात, दोघंचौघं समजूत काढायला उठतात आणि एखाद्या खर्चाचं व्हाउचर, म्हणजे त्या खर्चाचा नोंदीचा कागद, कुठे आहे हा प्रश्न तिथेच राहतो. अशा वेळी शांतपणे एवढंच म्हणा: "तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मी काहीच म्हटलेलं नाही. मी व्हाउचर क्रमांक विचारतो आहे." हे वाक्य अगदी शब्दशः पाठ करून ठेवा. पुढे कधी तुम्ही स्वतः कमिटीवर गेलात आणि कोणी तुम्हाला व्हाउचर विचारलं, तर ते काढून दाखवा. तुमचं मन दुखावलं हे उत्तर होऊ शकत नाही.

आणखी एक. कडक आवाज म्हणजे हल्ला नव्हे. काही माणसांचा स्वरच चढा असतो, काहींची बोलीच रांगडी असते. शब्द तपासा, सूर सोडून द्या.

पायरी ४: तुमचं वाक्य बोलण्याआधी धुऊन घ्या

आपण हल्ला करतो तेव्हा तो आपल्याला हल्ला वाटत नाही, खरं बोलणं वाटतं. म्हणून वहीत लिहिलेली वाक्यं एकदा तपासून घ्या. काही नमुने:

"तुम्ही लोकांनी पैसे उधळले." याऐवजी: "दुरुस्ती खात्यावर या वर्षी झालेला खर्च अंदाजपत्रकापेक्षा जास्त आहे. तो कशावर झाला, ते कळावं."

"खालच्या मजल्यावाल्यांना दुसऱ्यांचं काही पडलेलं नाही." याऐवजी: "गच्चीतून झिरपणारं पाणी स्लॅबच्या सळयांपर्यंत गेलं तर त्या गंजतात आणि नुकसान सगळ्या इमारतीचं होतं. म्हणून खर्च सगळ्यांचा धरावा."

"सेक्रेटरी कधीच उत्तर देत नाहीत." याऐवजी: "मी दोन पत्रं दिली आहेत, पोच माझ्याजवळ आहे. उत्तर कधीपर्यंत मिळेल?"

'नेहमी', 'कधीच', 'सगळे', 'तुम्ही लोक' या चार शब्दांवर खूण करा. हे शब्द आले की समोरचा तुमचा मुद्दा सोडून एक अपवाद शोधतो, आणि तो सापडतोच.

आपल्याकडे विधानसभेत सदस्य एकमेकांशी थेट न बोलता अध्यक्षांना उद्देशून बोलतात. आक्षेपार्ह शब्द अध्यक्ष कामकाजातून काढून टाकू शकतात. हा रिवाज सोसायटीच्या सभेतही पाळा. समोरच्या माणसाकडे बोट करून "तुम्ही" म्हणण्यापेक्षा अध्यक्षांकडे पाहून "अध्यक्ष महोदय, आत्ता जे सांगितलं गेलं त्यात…" अशी सुरुवात करा. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं. पण नजर दुसरीकडे वळली की निम्मा ताप उतरतो, हा माझा पक्का अनुभव आहे.

पायरी ५: तुमच्यावर हल्ला झाला तर

आधी काही सेकंद काहीही बोलू नका. पाणी प्या, वही उघडा. सभेला ती शांतता ऐकू येऊ द्या. शेरा मारणाऱ्याला तुमचं तत्काळ उत्तर हवं असतं. ते मिळालं नाही की त्याचं वाक्य एकटं पडतं.

मग त्या शेऱ्यात काही खरा मुद्दा दडलेला आहे का पाहा. बऱ्याचदा असतो. "तुम्ही कालच आलात, तुम्हाला काय माहीत" याच्या पोटात "हे काम पाच वर्षांपूर्वीही झालं होतं आणि टिकलं नव्हतं" अशी माहिती असू शकते. ती बाहेर काढा: "खरंय, मी नवीन आहे. आधी हे काम कधी झालं, कोणाकडून झालं, ते सांगाल का?" टोमणा बाजूला पडतो, माहिती सभेसमोर येते आणि ती देण्यात समोरच्याचाही मान राहतो.

आत काहीच नसेल तर पहिल्या पानावर परत या: "तो विषय वेगळा. माझा प्रश्न असा होता…" आणि तो प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा वाचा. शब्द बदलू नका. बदललेत तर नवा वाद सुरू होतो. मिस्टरांना पाठवा म्हणणाऱ्याला: "सभासद मी आहे, उत्तर मला द्या." एवढंच. यापुढे स्पष्टीकरण देत बसायची गरज नाही.

आपल्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडून काढणारी वितंडा. सभेत वितंडा घालणारा एक तरी असतो. सगळ्या कोटेशनांना नावं ठेवतो, सगळ्यांच्या हेतूवर शंका घेतो. त्याच्याशी मुद्देसूद वाद घालून उपयोग होत नाही, कारण खोडायला त्याने स्वतःचं काही ठेवलेलंच नसतं. त्याला एकच विचारा: "मग तुमची सूचना काय? ती ठराव म्हणून मांडा, आम्ही ऐकतो." सूचना आली तर उत्तम. नाही आली तर सभेला जे कळायचं ते कळतं.

काय करू नये, तेही सांगते. परतफेड करू नका. तुमच्याकडे समोरच्याची कितीही कुंडली असली तरी ती उघडू नका. त्या क्षणी दोघंही सारखेच दिसता आणि पहिला दगड कोणी मारला हे पाचव्या मिनिटाला कोणालाच आठवत नाही. सभा सोडून तरातरा निघूनही जाऊ नका, कारण ठराव तुमच्यामागे होतो आणि तुमचं मत त्यात नसतं. "माफी मागा, नाहीतर सभा चालू देणार नाही" असा हट्टही धरू नका. माफी योग्य असेल, पण तिची वाट पाहत सभा संपते.

पायरी ६: दुसऱ्यावर हल्ला होत असेल तर

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक हिच्यानेच पडतो.

ज्याच्यावर शेरा आला त्याने स्वतःचा बचाव केला की तो 'चिडला' ठरतो. तेच त्याच्या शेजारच्या खुर्चीवरून कोणी म्हणालं की सभेचा रंग बदलतो. भाषण करायची गरज नाही. "अध्यक्ष महोदय, त्यांचा प्रश्न मलाही पडला आहे. त्याचं उत्तर मिळावं." हे पुरेसं आहे. विशेषतः तो माणूस तुमच्या विरुद्ध मताचा असेल, तर नक्की उठा. वर्गणीला विरोध करणाऱ्या सभासदाची कोणी टर उडवत असताना वर्गणीच्या बाजूच्या माणसाने "त्यांना बोलू द्या" म्हटलं, तर त्या एका वाक्याने सभेवरचा विश्वास जेवढा वाढतो तेवढा नियमांच्या पुस्तकाने वाढत नाही.

हशात सामील होऊ नका. नक्कल झाल्यावर फिदीफिदी हसणारे स्वतः काही बोललेले नसतात, पण हल्ल्याला बळ तेच देतात.

तुम्ही अध्यक्षांच्या खुर्चीत असाल तर चार गोष्टी करा. सुरुवातीलाच प्रत्येकाला बोलायला किती वेळ ते जाहीर करा. सगळं बोलणं तुमच्याकडे वळवा. शेरा आला की त्यावर मत न देता प्रश्न पुन्हा वाचून दाखवा. आणि आपल्या बाजूच्या माणसाने मारलेला शेरा सर्वांत आधी थांबवा. शेवटची गोष्ट केली नाहीत तर पहिल्या तिन्ही फुकट जातात.

पायरी ७: सभेनंतरचा मोबाइल

सभा संपल्यावर खरी लढाई व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू होते. तिथे अध्यक्ष नसतो, चेहरा दिसत नाही आणि रात्री अकराला लिहिलेलं सकाळी सहाला पन्नास जण वाचतात. थोडक्यात सांगते: विषय पत्राने मांडा आणि पोच घ्या. ग्रुपवर फक्त सूचना आणि माहिती. कोणी नाव घेऊन लिहिलं तर "मी यावर कमिटीला लेखी पत्र दिलं आहे" एवढं उत्तर पुरे. तुम्ही लिहिलेलं पुढे पाठवलं जाणार, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला जाणार, हे धरूनच लिहा.

पायरी ८: मर्यादा ओलांडली गेली तर

टोमणा सोसता येतो. धमकी, जातीवाचक शिवी, बाईबद्दल अश्लील शब्द किंवा अंगावर धावून जाणं या गोष्टी वादाच्या कौशल्याने सोडवायच्या नसतात.

सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाऊन उपयोग होईल असं अनेकांना वाटतं. त्यांच्याकडे संस्थेच्या कारभाराच्या तक्रारी जातात: सभा न घेणं, कागदपत्रं न दाखवणं, हिशेब न ठेवणं. सभासदाने दिलेली धमकी किंवा केलेली मारहाण हा पोलिसांचा विषय आहे. कोणती तक्रार कुठे न्यायची याची यादी आदर्श उपविधींत दिलेली आहे, ती वाचून घ्या म्हणजे खेपा वाचतील.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्यात धमकीसाठी कलम ३५१, बदनामीसाठी कलम ३५६ आणि शब्दांनी किंवा हावभावांनी स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्यासाठी कलम ७९ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला चारचौघांत जातीवरून अपमानित करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. अशी घटना घडली तर त्याच दिवशी शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा: तारीख, वेळ, हजर असलेल्यांची नावं. आठवड्याने लिहिलेल्या आठवणीत आपले स्वतःचे शब्द मिसळलेले असतात. मग वकिलाचा सल्ला घ्या.

हाच कायदा तुमच्या तोंडालाही लागू आहे हे विसरू नका. "खजिनदाराने पैसे खाल्ले" हे पुराव्याशिवाय भर सभेत म्हणणं तुम्हाला महागात पडू शकतं. "या नोंदीचं व्हाउचर दिसत नाही" हे म्हणायला कोणाचीच हरकत नसते, आणि खरोखर काही गडबड असेल तर ती याच वाक्यातून बाहेर येते.

पायरी ९: इतिवृत्त वाचा

सभा झाली की निम्मं काम झालं. इतिवृत्ताचा मसुदा फिरवला जातो, तेव्हा तो नीट वाचा. दोन चुका शोधा. पहिली: तुमचा प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर गाळून फक्त "यानंतर सभासदांमध्ये वादावादी झाली" एवढंच लिहिलंय का? तसं असेल तर ठरावीक मुदतीत लेखी हरकत द्या आणि प्रश्न शब्दशः नोंदवून मागा. वहीतलं पहिलं पान इथे पुन्हा कामी येतं. दुसरी: कोणाचा शेरा किंवा विशेषण कागदावर उतरलंय का? "श्री. अमुक यांनी नेहमीप्रमाणे विरोध केला" यातलं 'नेहमीप्रमाणे' काढायला सांगा, अमुक तुमचे विरोधक असले तरीही. इतिवृत्त वर्षानुवर्षं राहतं आणि पुढचे सभासद त्यावरूनच माणसं ओळखतात.

पुनर्विकासाचा विषय तुमच्याकडे येणार असेल तर हे जास्तच सांभाळा. विकासक निवडण्याच्या विशेष सभेचं चित्रीकरण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालच्या शासकीय निर्देशांप्रमाणे होतं. तिथे बोललेलं प्रत्येक वाक्य नोंदीत जातं.

पुढच्या सभेत साधारणपणे पहिलाच विषय मागच्या इतिवृत्ताला मंजुरी देण्याचा असतो. बरेच लोक उशिरा येतात आणि तो विषय दोन मिनिटांत उरकलेला असतो. त्या दिवशी वेळेवर या, हरकतीची पोच घेऊन पुढच्या रांगेत बसा, आणि विषय पुकारल्यावर हात वर करा.